घराच्या एस्टिमेटात बाई कुठे?



घर बांधायचे ठरले की घरात पहिल्यांदा येतो तो एक कागद. तालुक्याच्या इंजिनिअरकडून आला तर टाइप केलेला, गावच्या मिस्त्रीकडून आला तर वहीच्या पाठकोऱ्या पानावर. पाया खोदाई, मुरूम भराव, जोते, वीटकाम, स्लॅब, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, लाइट फिटिंग, रंग. प्रत्येकापुढे एक आकडा आणि खाली बेरीज. याला सगळे एस्टिमेट म्हणतात. हा कागद सोप्यात बसून पुरुषमाणसे वाचतात, त्यावर घासाघीस करतात, आणि आतून चहा येतो.

गेल्या वर्षभरात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बैठकांमध्ये आम्ही बायकांना एक काम सांगितले होते. घर बांधले असेल किंवा बांधायचे असेल तर त्याचे एस्टिमेट घेऊन या, आपण सगळ्या मिळून वाचू. काही जणींनी आणले. बऱ्याच जणींना मिळालेच नाही. "त्यांच्या कपाटात असतंय, किल्ली त्यांच्यापाशी," असे एकीने सांगितले. दुसरी म्हणाली, "मिस्त्रीनं तोंडी सांगितलं, कागुद कशाला करतोय तो?" जे कागद हाती आले ते मी पुन्हा पुन्हा वाचले. आज मला त्या कागदांत काय आहे यापेक्षा काय नाही याबद्दल लिहायचे आहे. पण जे आहे ते वाचता आल्याशिवाय जे नाही ते दिसत नाही, म्हणून थोडे आकड्यांपासून सुरू करते. आकड्यांना घाबरण्याचे कारण नाही. तीन घरांचे दूध आणि दोन भिशी तोंडपाठ ठेवणारी बाई सळईचाही हिशोब ठेवू शकते.

मिस्त्री दर सांगतो चौरस फुटाला. पण कुठला चौरस फूट? स्लॅबचा की आतल्या फरशीचा? पंचवीस बाय वीसचा स्लॅब म्हणजे ५०० चौरस फूट. त्याखाली नऊ इंची भिंती वजा केल्या की पाय ठेवायला चारशे-सव्वाचारशे उरतात. पैसे ५०० चे जातात. दर नुसत्या मजुरीचा आहे की मालासकट, हा दुसरा प्रश्न. सेंट्रिंगच्या फळ्या कुणाच्या, हा तिसरा. वाळू आणि खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपल्याकडे ट्रॉली म्हणजे ब्रास असे समजून पैसे मोजले जातात. ट्रॉलीला टेप लावा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करा आणि शंभराने भागा. वाळूचा हिशोब आपल्या भागाला नवा नाही. खानापूर तालुक्यात येरळेच्या वाळूवर लोकांनी हक्क सांगितला, ठेकेदाराला आडवे गेले आणि तीच वाळू विकून १९८० च्या दशकात बळीराजा धरणासाठी पैसा उभा केला. त्या चळवळीतल्या बायका आज आज्या झाल्या आहेत. त्यांना ब्रास शिकवावा लागत नाही.

आता घरकुलाचा हिशोब मांडून पाहू, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकींच्या गावात तोच चालू आहे. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुल सुरू झाले तेव्हा सपाट भागासाठी रक्कम ठरली १ लाख २० हजार, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे. भागाकार केला की चौरस फुटाला ४४६ रुपये येतात. कॉलम-बीम-स्लॅबचे घर धरले तर ढोबळ मानाने चौरस फुटाला ०.४ पोते सिमेंट आणि साडेतीन किलो सळई लागते. म्हणजे १०८ पोती आणि साधारण ९४० किलो लोखंड. पोते ३५० रुपयांना आणि सळई ६० रुपये किलोने धरली तर सिमेंटचे ३७,८०० आणि सळईचे ५६,४०० होतात. दोन्ही मिळून ९४,२००. उरले २५,८००. त्यात विटा, वाळू, खडी, मजुरी, दार, खिडकी, फरशी, वायर. शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये आणखी ५० हजारांची भर घातली, पण त्यातले १५ हजार सौर पॅनेल बसवले तरच. आकडे तुमच्या तालुक्यातल्या दुकानाप्रमाणे बदलून घ्या. कॉलम न घेता भिंतीवरच स्लॅब टाकला किंवा पत्रा घातला तर सळई कमी होईल. तरीही एवढ्या रकमेत घर पुरे होत नाही हे गावात प्रत्येकाला माहीत आहे. घरे तरीही पुरी होतात. मग मधला पैसा येतो कुठून?

हा प्रश्न बैठकीत विचारला की आधी हसू येते, मग बायका गळ्याला हात लावतात. डोरले, बोरमाळ, पाटल्या. पायाला एक डाग जातो, स्लॅबला दुसरा. मोडला नाही तर गहाण पडतो, आणि ऊसबिल लांबले की लिलावात जातो. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र दिले, हे आपल्याला शाळेत शिकवले जाते आणि ते अभिमानानेच शिकवले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या दागिन्याला निदान इतिहासात जागा मिळाली. आपल्या घराच्या स्लॅबमध्ये गेलेल्या बोरमाळेची नोंद त्या पाठकोऱ्या पानावरसुद्धा नसते. कायद्याने स्त्रीधन तिचे एकटीचे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने १९५६ पासून तिला त्याची पूर्ण मालकीण केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की नवऱ्याच्या ताब्यात असले तरी ते तिचेच राहते. पण सोने एकदा सळई झाले की ते तिचे होते हे सिद्ध कसे करायचे? पावती सोनाराकडे तिच्या नवऱ्याच्या नावाची, आणि सळईची पावतीही त्याच्याच नावाची.

दागिने संपले की कर्ज. इथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक बदल झाला आहे आणि त्याकडे आपण, बचतगटांचे काम करणाऱ्यांनी, सरळ बघायला हवे. पूर्वी सावकाराच्या दारात पुरुष जायचा. आता घराचा अपुरा पैसा बाईच्या नावाने उभा राहतो. बचतगटाचे कर्ज तिच्या नावावर. मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता तिच्या नावावर, आणि जामीन राहिलेल्या शेजारणीही बायकाच. हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला येतो तेव्हा घरातला पुरुष परड्यात असतो. आणि हे सगळे झाल्यावर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नाव कुणाचे? कर्ज तिचे आणि घर त्याचे, अशी ही नवी वाटणी आहे. याला 'महिला सक्षमीकरण' म्हणून आपण टाळ्या वाजवल्या आहेत.

कर्जाबद्दल लिहिताना म्हसवडची आठवण येणे साहजिक आहे. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावात १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट अनेकींनी ऐकली असेल. उघड्यावर राहणाऱ्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाआधी घरावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी थोडे थोडे पैसे ठेवायला तिला बँक हवी होती आणि कुठलीही बँक तिचे खाते उघडत नव्हती. बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नसेल, पण कुठल्याही मुद्दलावरचे व्याज तोंडी काढायला सांगा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. घराचा हिशोब बायकांना जमत नाही म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी.

सोने आणि कर्ज निदान पैसा म्हणून ओळखू तरी येते. श्रम तेवढेही येत नाहीत. घर बांधताना पाणी मारायचे काम कुणाचे, असे मी प्रत्येक बैठकीत विचारते. उत्तर वेगळे आलेले नाही. स्लॅब पडला की निदान सात दिवस, आणि आजकालच्या सिमेंटला दहा दिवस तरी, तो ओला ठेवावा लागतो. स्लॅबवर आळी करून त्यात पाणी साठवतात. ५०० चौरस फुटांवर एक इंच पाणी उभे करायचे तर ते होते सुमारे ४२ घनफूट, म्हणजे ११८० लिटर. हंड्यात पंधरा लिटर धरले तर जवळजवळ ऐंशी हंडे, आणि तेही शिडीवरून वर. ही एका वेळची भरती. उन्हाने आटते, आळी फुटतात, पुन्हा भरा. भिंतींना सकाळ-संध्याकाळ वेगळे. ज्या गावात नळाला मोटर लागते तिथे हे पाइपने होत असेल, पण जत, आटपाडी, माण, खटावकडे मे महिन्यात बांधकाम काढलेल्या घरात हे पाणी टँकरमागे धावून आणलेले असते. शिवाय गवंड्यांचा चहा, बिगाऱ्यांच्या भाकऱ्या, विटा उचलून देणे, वाळू चाळणे, रात्री सिमेंटच्या पोत्यांवर ताडपत्री टाकणे. मिस्त्रीने याच कामाला बिगारी बाई लावली असती तर तिची हजेरी एस्टिमेटात आली असती. घरचीच बाई आहे म्हणून ती ओळच नाही.

गंमत अशी की घरच्या माणसांच्या श्रमाला किंमत असते हे सरकारने एका ठिकाणी मान्य केले होते. घरकुलाच्या रकमेशिवाय लाभार्थी कुटुंबाला ९० दिवसांची अकुशल मजुरी रोजगार हमीतून देण्याची तरतूद २०१६ च्या योजनेत होती. आपलेच घर, आपलेच श्रम आणि त्याची मजुरी, हे तत्त्व आपल्या चळवळीने वर्षानुवर्षे मांडलेले. पण हजेरीपटावर नाव कुणाचे होते? जिथे जिथे आम्ही विचारले तिथे ते नवऱ्याचे किंवा मुलाचे निघाले. पाणी तिने मारले आणि हजेरी त्याची लागली. यात कुणी मुद्दाम लबाडी केली असे नाही. ग्रामसेवकाने विचारले, "घरातलं नाव सांगा," आणि घरात नाव म्हणजे पुरुषाचे नाव. चळवळीतल्या एका जुन्या मैत्रिणीचा यावर आक्षेप आहे. ती म्हणते, तुम्ही घरातल्या मायेचाही बाजार मांडता. मला तो पटत नाही. मायेने केलेल्या कामाचा हिशोब मायेने का होईना ठेवायला काय हरकत आहे? चुलतभावाने मायेने दिलेल्या दोन पोत्यांची नोंद वहीत असतेच की.

एस्टिमेटातली सगळ्यात निरागस ओळ असते 'जागा : स्वतःची'. तिच्यापुढे शून्य किंवा नुसती रेघ. ही जागा बहुतेक वेळा वडिलोपार्जित असते आणि घर काढायच्या आधी बहिणींना बोलावणे जाते. तहसील कचेरी, हक्कसोड पत्र, अंगठा किंवा सही, एक साडी, एक वेळचे जेवण. मुलींना जन्माने समान हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, सगळ्या देशाने २००५ मध्ये. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलीसुरली शंकाही काढून टाकली. तरीही माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करते. मी तिला दोष देणार नाही, कारण नवऱ्याने टाकले तर तिला त्याच माहेरच्या सोप्यात पथारी पसरायची असते. पण एस्टिमेटात जागेपुढे शून्य लिहू नये. बहिणीने सोडलेल्या हिश्शाची बाजारभावाने जी किंमत होते ती लिहावी. निदान भावाला कळू तरी दे, घराचा सगळ्यात मोठा देणगीदार कोण आहे ते.

पैसा कमी पडू लागला की एस्टिमेटात खाडाखोड सुरू होते. कुठल्या ओळी आधी खोडल्या जातात? न्हाणीची भिंत अर्ध्यावर थांबते. मोरीला दार नंतर. संडासाला तूर्त पोते. स्वयंपाकघराची खिडकी बुजते, ओटा गुडघ्याएवढा राहतो, धुराला वाट नसते. दर्शनी भिंतीचा गिलावा आणि वास्तुशांतीचे जेवण मात्र खोडले जात नाही. (वास्तुशांतीला माझा विरोध आहे असे नाही. चारशे पत्रावळींच्या खर्चात न्हाणीला दार बसते एवढेच मला दिसते.) हे नुसते गैरसोयीचे नाही. दार नसलेल्या न्हाणीत अंधार पडायची वाट बघत दिवस काढणाऱ्या मुली आपल्या गटांत आहेत.

आणखी एक गोष्ट खोडली जाते आणि ती जिवावर बेतते. आपला भाग भूकंपाचाही आहे आणि पुराचाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे १८० माणसे गेली, ती दगड-मातीच्या भिंतींखाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले, जिथे धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मीरगावावर डोंगर आला. अशा मुलखात जोते किती उंच घ्यायचे, खिडकीवरचा लिंटेल बीम चारी भिंतींवरून सलग फिरवायचा की खिडकीपुरता, हे प्रश्न इंजिनिअरपुरते नसतात. घरात दिवसाचे सगळ्यात जास्त तास कोण असते? पुराचे पाणी ओसरल्यावर गाळ कोण काढते? जोत्याला आणखी दोन फूट भराव घ्यायचा की पुढच्या बाजूला नक्षीचा कठडा, हे ठरताना तिला विचारले पाहिजे. तिला हे कळणार नाही असे कुणी म्हणाले तर किल्लारीकडे बोट दाखवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोगच्या पुढाकाराने शेकडो गावांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. कोपऱ्याला काय बांधायचे, सिमेंट-वाळूचे प्रमाण किती, कामाचा हप्ता कुठल्या टप्प्यावर मिळतो, हे त्यांनी घरमालकांना समजावले आणि गवंड्यांवर लक्ष ठेवले. त्यातल्या बहुतेकींनी त्याआधी कधी एस्टिमेट पाहिलेले नव्हते.

हे सगळे मी इतक्या चिकाटीने का सांगते आहे? कारण एक दिवस काही बायकांना घराबाहेर काढले जाते. त्या दिवशी कुणी विचारत नाही की पाणी कुणी मारले. टाकलेल्या बायकांचा प्रश्न या दोन जिल्ह्यांनी लवकर ओळखला. कासेगावच्या इंदूताई पाटणकर आणि स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतल्या त्यांच्या सहकारणींनी १९८० च्या दशकातच सांगली जिल्ह्यात परित्यक्तांना संघटित केले. पोटगीच्या पुढे जाऊन स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड आणि घरासाठी स्वतंत्र जागा मागितली. पत्री सरकारच्या लढ्यात वाढलेल्या इंदूताई २०१७ मध्ये गेल्या. रेशनकार्डावर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख करणारा अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. जागेची मागणी मात्र अजून तिथेच आहे. घरकुलाच्या यादीला आधार असलेल्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात 'स्त्री कुटुंबप्रमुख आणि घरात १६ ते ५९ वयाचा पुरुष नाही' असा एक निकष होता. ऐकायला चांगला. पण टाकलेली बाई भावाच्या घरात राहते, तेव्हा ती कुटुंबप्रमुख नसते, भावाच्या कुटुंबातली एक तोंडवाढ असते. आणि वेगळी राहिली तरी तिचा पोरगा सोळा वर्षांचा झाला की तो 'पुरुष' ठरतो आणि तिचा निकष गेला.

कायद्याचा आधार काहीच नाही असे मात्र कुणी समजू नये. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम १७ बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क देते, घर कुणाच्याही नावावर असो. २००६ च्या बत्रा निकालाने सासू-सासऱ्यांच्या घरातून तो काढून घेतला होता, तो १५ ऑक्टोबर २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालाने परत आला. गावात हे निकाल पाठ करून ठेवा, पोलीस पाटलासमोर कामाला येतात. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. तो तिला बाहेर काढण्यापासून वाचवतो, घरातला अर्धा वाटा देत नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा वाटा धरला जातो. तिथेही सगळे आलबेल नाही, पण चंदगडच्या घाटापलीकडे जे कायद्याने गृहीत धरले जाते ते आपल्याकडे मागून घ्यावे लागते.

म्हणून नाव. इंदिरा आवास योजनेच्या काळापासून घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याचा नियम आहे, आजही आहे. पण ज्यांचे घर घरकुलातले नाही, म्हणजे सोने मोडून आणि हप्ते काढून बांधलेले आहे, त्यांना कुठला नियम? 'घर दोघांचे' ही मोहीम आपल्यापैकी अनेकींनी चालवली आहे. नवऱ्याने ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा आणि नमुना आठच्या उताऱ्यावर बायकोचे नाव लावायचे. सोपे आहे, खर्च नाही. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे खरे. पण २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घराघराच्या मिळकत पत्रिका तयार होत आहेत, आणि चौकशीत ग्रामपंचायतीची जुनी नोंदच आधी पाहिली जाते. आज उताऱ्यावर जे नाव आहे तेच उद्या पत्रिकेवर पक्के होईल. तेव्हा घाई आहे, आणि ही घाई गटांच्या बैठकीत बोलली जात नाही. 'नाव लावा म्हटलं की घरात कडाकडा होतंय,' असे बायका सांगतात, ते खोटे नाही. माझा अनुभव असा की तोंडाने नाव मागितले की भांडण होते, पण वहीत मांडलेला हिशोब पुढे ठेवला की निदान ऐकून घेतले जाते. बोरमाळ अमुक तोळे, बचतगटाचे कर्ज अमुक, बहिणीचा हिस्सा, पाण्याचे दिवस. बेरीज पाहून एका सासऱ्यांनी स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन सुनेचे नाव लावल्याचे मी पाहिले आहे. अर्थात सासरे तसे असायला हवेत.

आम्ही ठरवले आहे ते असे. घर काढणाऱ्या घरातल्या बाईने मिस्त्रीच्या एस्टिमेटाशेजारी आपली वही ठेवायची. सोने मोडताना पावती स्वतःच्या नावाने घ्यायची आणि त्यावर कशासाठी मोडले ते लिहून नवऱ्याची सही घ्यायची. कर्जाचा पैसा रोख न उचलता आपल्या खात्यातून सिमेंटच्या दुकानदाराला द्यायचा, म्हणजे बिल तिच्या नावाने निघेल. पाणी मारल्याचे दिवस कॅलेंडरवर खूण करायचे, गॅसची टाकी लावल्यावर करतो तसे. ज्या गटाने घरासाठी कर्ज दिले त्या गटाने कर्जदार बाईचे नाव उताऱ्यावर लागले का, हे हप्त्याइतक्याच काटेकोरपणे विचारायचे. या शेवटच्या मुद्द्यावर आमच्यात मतभेद आहेत. काही जणींना वाटते की नाव लावण्याची अटच घालावी. काहींचे म्हणणे असे की अट घातली तर ज्या बाईला नवरा सही देत नाही तिचेच कर्ज अडेल, आणि पावसाळ्यात तिचेच घर उघडे राहील. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पहिल्या बाजूचे ऐकायला तयार आहे. लिहून पाठवा.

आणि एस्टिमेटे पाठवा. आलेल्या कागदांवरून एक कोरा नमुना आम्ही तयार करतो आहोत, पुढच्या अंकासोबत तो सुटा मिळेल. मिस्त्रीचे नाव नको, गावाचेही नको. तालुका लिहा, साल लिहा, आणि कागदावरची खाडाखोड तशीच राहू द्या. कुठली ओळ खोडली गेली तेच आम्हाला बघायचे आहे.